जन्मला नाही, उठला

शेजारच्या आजी दर ईस्टरला एकच प्रश्न विचारायच्या. आम्ही पहाटेच्या उपासनेहून परतत असू; अंगात इस्त्रीचे कपडे, हातात अर्धवट जळलेली मेणबत्ती. आजी दारात सडा टाकत असायच्या. "काय गं, आज तुमचा देव पुन्हा जलमला म्हणं?" आई चप्पल काढता काढता म्हणायची, "जलमला न्हाई आज्जी, उठला." "त्येच की गं ते," असं म्हणून आजी उरलेलं पाणी उंबऱ्यापाशी शिंपडायच्या आणि विषय संपायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

ही गोष्ट वैरागातली, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातली. आता आजी नाहीत, आईही नाही. पण त्या दोघींचा अर्ध्या मिनिटाचा वाद माझ्या डोक्यातून जात नाही. त्यानंतर ईस्टरवरची प्रवचनं पुष्कळ ऐकली, थोडीफार पुस्तकं वाचली, आणि माझं मत असं झालं आहे की सगळा मुद्दा त्या दोन क्रियापदांतच अडकला आहे. आजींना ती एकच वाटली. खरं सांगायचं तर आमच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांनाही ती एकच वाटतात, फक्त ते तसं बोलून दाखवत नाहीत.

आजींचं काही चुकत नव्हतं. त्या ज्या जगात वाढल्या तिथे मरण हा शेवट नसतोच. आत्मा जुनं अंग टाकतो, नवं चढवतो. गीतेतला कपड्यांचा दाखला अक्षर न ओळखणाऱ्या माणसालाही ठाऊक असतो. नातवंडाचा चेहरा पाहून "आमचे दादाच परत आले" असं म्हणणारी घरं प्रत्येक गल्लीत आहेत. मग एक माणूस मेला आणि परत आला, यात नवल ते काय? मरणानंतर काहीतरी उरतं एवढंच ईस्टरचं म्हणणं असेल, तर वैरागला ते सांगायला पॅलेस्टाइनहून कुणी यायची गरज नव्हती. ही शिदोरी गावाकडे आधीपासून होती.

आमच्याकडचा घोटाळा इथूनच सुरू होतो. ख्रिस्ती माणसाला विचारा, मेल्यावर काय? तो सांगेल, आत्मा प्रभूजवळ जातो. अंत्यविधीत हेच, वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेत हेच (आम्ही तिला स्मरणोपासना म्हणतो, एवढाच फरक). पण हाच माणूस रविवारी उभा राहून मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, म्हणतो तेव्हा शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास असल्याचं सांगतो. आत्म्याच्या नव्हे, शरीराच्या. हा शब्द आम्ही इतक्या वेळा उच्चारला आहे की तो ऐकू येईनासा झाला आहे.

1955 साली ऑस्कर कुलमान या बाझेलच्या प्राध्यापकांनी हार्वर्डला याच प्रश्नावर व्याख्यान दिलं होतं: आत्म्याचं अमरत्व, की मेलेल्यांचं पुनरुत्थान? त्यांनी दोन मरणं शेजारी शेजारी ठेवली. सॉक्रेटिस विषाचा पेला हातात घेऊन शिष्यांशी निवांत बोलत बसतो, कारण त्याच्या लेखी मरण म्हणजे आत्म्याची देहाच्या तुरुंगातून सुटका. येशू मात्र आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत घामाघूम होतो, दोस्तांना जागं राहा म्हणून विनवतो, हा पेला टळला तर टळू दे म्हणतो. तो मरणाला मित्र मानत नाही, वैरी मानतो. व्याख्यान छापून आल्यावर कुलमानांवर संतापाची पत्रं येऊन पडली, आणि ती भाविक ख्रिस्ती लोकांचीच होती. युरोपातला भाविकही मनातून सॉक्रेटिसचाच चेला निघाला. तेव्हा हा घोटाळा एकट्या मराठी माणसाचा नाही.

मात्र आपल्याकडे भाषेनेही त्यात हात धुऊन घेतले आहेत. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1616 मध्ये रायतूरला त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. ओव्या जवळजवळ अकरा हजार. मराठीवर इतका जीव लावणारा परदेशी माणूस विरळा. पण त्यांनाही स्वर्गासाठी शब्द लागला तेव्हा वैकुंठ जवळचा वाटला. दुसरं करणार तरी काय? लोकांशी लोकांच्या शब्दांतच बोलावं लागतं. मात्र शब्द कधी रिकाम्या हाताने येत नाही. वैकुंठ म्हटलं की दिशा ठरते: इथून तिकडे, खालून वर. ज्ञानदेवांनी 1296 मध्ये आळंदीला संजीवन समाधी घेतली. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले असं वारकरी मानतो. दोन्ही कथांत संत जातो आणि मागे राहिलेले हात जोडून उभे राहतात. ईस्टरची कथा उलटी चालते. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी परत येतो, आणि तो जिथे येतो त्या जागा बघा. एका बाईला बागेत भेटतो, तिला तो माळी वाटतो. दोघांबरोबर रस्त्याने चालतो, संध्याकाळी भाकर मोडतो तेव्हा ते त्याला ओळखतात. शेवटी तळ्याकाठी निखारे पेटवून त्यावर मासळी ठेवतो आणि रात्रभर जाळी टाकून काहीच हाती न लागलेल्या दोस्तांना न्याहारीला बोलावतो. पुढे स्वर्गारोहण आहे, ते मी विसरलेलो नाही. पण आधी न्याहारी आहे. वैकुंठाच्या वाटेवर असलेला माणूस मासळी भाजत बसत नाही.

आता आईच्या क्रियापदाकडे येतो. पुनरुत्थान हा शब्द आईने कधी वापरल्याचं मला आठवत नाही. तो वेदीवरून वाचायचा शब्द. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं केडगावला बायबलाचं भाषांतर करण्यात घालवली, ती साध्या बायाबापड्यांना कळेल असं मराठी हवं म्हणून. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, आणि पुस्तक पुढे 1924 मध्ये निघालं. आई त्याच वाटेवरची. तिला 'उठला' पुरायचं. आणि गंमत अशी की मूळ ग्रीकातही अगदी घरगुती क्रियापद आहे, झोपलेल्याला उठवण्याचं, आजाऱ्याला हात देऊन उभं करण्याचं.

मराठीत या उठण्याला किती पदर आहेत बघा. माणूस झोपेतून उठतो, दुखण्यातून उठतो. अन्यायाविरुद्ध गाव उठतं. पंगत उठते, बाजार उठतो. आणि माणूस आयुष्यातूनही उठतो! सावकाराच्या पायी, कोर्टकचेरीच्या पायी, बोअरला पाणी लागेल या भरवशावर काढलेल्या कर्जापायी किती घरं 'आयुष्यातून उठली' हे वैरागच्या बाजारात चहा पिता पिता कुणीही सांगेल. एकच क्रियापद बरं होण्याला आणि धुळीला मिळण्यालाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, संध्याकाळी येशूच्या दोस्तांना विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं: तो गेला, आणि आम्ही आयुष्यातून उठलो. रविवारी सकाळी त्याच क्रियापदाने कूस बदलली.

जन्मणं आणि उठणं यांतला फरक आजींना मी आज असा सांगितला असता. जन्मणारा नवा असतो. त्याला आधीचं काही आठवत नाही, अंगावर खूण नाही, नाव नवं, आई नवी; पाटी कोरी. उठणारा तोच असतो. आणि येशू उठला तेव्हा त्याच्या हातांत खिळ्यांच्या जखमा होत्या, कुशीत भाल्याची होती. थोमा नावाचा शिष्य म्हणाला, बोट घालून पाहिल्याशिवाय मानणार नाही. तर त्याला जखमाच पुढे केल्या. देवाला मेलेला माणूस उठवता येतो, मग दोन व्रण पुसता आले नसते? पण ते पुसले नाहीत. आमच्या विश्वासातली सगळ्यांत विचित्र आणि मला सगळ्यांत खरी वाटणारी गोष्ट हीच आहे. ज्याच्यावर अन्याय झाला, तोच, त्याच अंगानिशी, त्याच खुणांसकट उभा राहिला. झालं गेलं गंगेला मिळालं, असं इथे कुणी म्हणत नाही.

तिसरा दिवस मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे तिसरा म्हणजे सावडण्याचा दिवस. सकाळी लवकर माणसं स्मशानात जातात, राख विझवतात, अस्थी गोळा करतात, मडक्यात भरतात. मेलेला मेला, याची खात्री त्या दिवशी हाताला लागते. येरुशलेमातल्या त्या बायाही तिसऱ्या दिवशी पहाटे असल्याच कामाला निघाल्या होत्या. सुगंधी मसाले घेऊन प्रेताची राहिलेली उस्तवार करायला. आशा वगैरे काही घेऊन निघाल्या नव्हत्या. वाटेत त्यांचं बोलणं काय, तर दगड कोण सरकवून देईल. मयताच्या घरी बायकांचं बोलणं असंच असतं: दूध सांगितलंय का, कोण कोण जेवायला थांबणार. दुःख कामात गुंतवून ठेवायचं.

आणि सावडायला गेलेल्यांना सावडण्यासारखं काही सापडलंच नाही.

सर्वांत जुन्या हस्तलिखितांतलं मार्काचं शुभवर्तमान इथेच थांबतं. बाया थरथर कापत पळाल्या, भीतीमुळे कुणाला काही बोलल्या नाहीत, आणि संपलं. पुढची वचनं नंतरच्या हातांनी जोडलेली दिसतात. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन प्रतींत ती नाहीत. मला ते तुटकं टोकच पटतं. स्मशानात तिसऱ्याला जाऊन राख सापडली नाही, तर तुम्ही-आम्ही काय हलेलुया म्हणू? पळत सुटू.

बायकांचीच साक्ष का ठेवली, हा प्रश्न पुष्कळांनी विचारला आहे. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस बायकांची साक्ष धरू नये असं नियम म्हणून लिहितो. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या ग्रीक टीकाकाराने टिंगल केली की हे सगळं कुणा भ्रमिष्ट बाईच्या सांगण्यावर उभं आहे. खुद्द प्रेषित पौल सन 55 च्या सुमारास करिंथकरांना साक्षीदारांची यादी देतो, त्यात पेत्र आहे, पाचशे भाऊ आहेत, मग्दालीची मरिया नाही! कथा रचायचीच होती तर असला कच्चा साक्षीदार पुढे कोण करेल? मी याला पुरावा म्हणत नाही. रिकाम्या कबरेचे पुरावे गोळा करून व्याख्यानं देणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. खटला जिंकल्यासारखा त्यांचा आवाज असतो, आणि उठताना तर कुणीच पाहिलं नव्हतं. पण शुभवर्तमानं लिहिणाऱ्यांनी गैरसोयीची बाई यादीतून उडवली नाही, ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. मराठीतही असंच काहीसं झालं. ना. वा. टिळकांनी ख्रिस्तायन लिहायला घेतलं आणि सुरुवातीचे अध्याय लिहून ते 1919 मध्ये गेले. पुढचं बहुतेक सारं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिलं. म्हणजे मराठीतल्या त्या महाकाव्यात येशूला कबरेतून उठवलं ते एका विधवेच्या लेखणीने.

दुसरी एक पळवाट आहे, आणि ती शिकलेल्यांना आवडते. येशू खरोखर उठला वगैरे नाही, तो शिष्यांच्या मनात जिवंत राहिला, त्याचे विचार अमर झाले. ऐकायला सभ्य वाटतं. सोलापूरच्या माणसाने यावर जरा थांबून विचार करावा, कारण त्याच्या शहरात चार पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला, चौघांवर पोलिसांच्या खुनाचा खटला चालला आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. सरकारचा निकाल एक, लोकांचा दुसरा. लोकांनी त्यांना हुतात्मा म्हटलं, चौकाला नाव दिलं. दर 12 जानेवारीला हार पडतात, 'अमर रहे' च्या घोषणा होतात. हे सगळं योग्यच आहे. पण 'अमर रहे' आपण कुणाला म्हणतो? जो मेला आहे त्यालाच. जिवंत माणसासमोर उभं राहून कुणी अमर रहे म्हणत नाही. चौकात चौघे उभे आहेत, घरी एकही परतला नाही. स्मृती पुतळा उभा करू शकते, त्याच्या आईच्या हातची भाकर त्याला खाऊ घालू शकत नाही.

येशूही सरकारच्या निकालाने मेला होता. रोमन सुभेदार पिलाताची सही, डोक्यावर आरोपाची पाटी, शहराबाहेर सर्वांदेखत शिक्षा. तो विचारांतच उठला असेल, तर पिलाताचा निकाल कायम झाला आणि आपण एक स्मृतिदिन पाळतो. तो अंगाने उठला असेल, तर तो निकाल रद्द झाला. वरच्या कोर्टाने खालच्याचा हुकूम फिरवला. ईस्टरची आशा मला या एका वाक्यात दिसते. ती माझं मेल्यावर काय होणार याची हमी नंतर देते. आधी ती सांगते की सरकारने, धर्माच्या ठेकेदारांनी आणि जमावाने मिळून एका अंगाविषयी जो निकाल दिला होता तो चुकीचा होता, आणि देवाने तसं जाहीर केलं.

अंगाविषयीचा निकाल म्हणजे काय, हे आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 मध्ये मुंबईत, 1831 मध्ये नगरला, आणि शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात आली. 1876 ते 78 चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने सोसला, नंतर 1896-97 आणि 1899-1900 चा. त्या काळात आणि पुढेही जे बाप्तिस्मा घेत गेले त्यांत महार आणि मांग वस्त्यांतले लोक मोठ्या संख्येने होते. त्यांच्या अंगावर गावाचा निकाल आधीच लागलेला होता: सावली पडू द्यायची नाही, पाणी वरून ओतायचं, हात लागू द्यायचा नाही. अशा माणसाला तुम्ही सांगता की देव स्वतः मारला गेला, उठला, आणि म्हणाला, हात लाव, माझ्या जखमेला हात लाव! तळ्याच्या पाण्याला हात लावायची बंदी असलेल्याला देवाच्या कुशीला हात लावायचं आमंत्रण. आमच्या खापरपणज्यांनी काय ऐकलं असेल ते मला कळतं. सुवार्तेतलं तेवढं वाक्य खरं निघालं तरी पुरे, असं त्यांना वाटलं असेल.

पुढे आम्ही ते वाक्य विसरलो. बाबासाहेबांनी 'द कंडिशन ऑफ द कन्व्हर्ट' या निबंधात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची जी चिकित्सा केली ती बोचरी आहे. तुझी ही अवस्था तुझ्या पापामुळे, असं शिकवलं की मग समाजाविरुद्ध उठायचं कशाला, असा त्यातला मुद्दा आहे. आमच्यातल्या कुणाकुणाला तो निबंध अजून रुचत नाही. मला तो ईस्टरच्या दिवशी वाचण्याजोगा वाटतो. उठलेल्या प्रभूचे लोक उठत नाहीत, ही तक्रार करायला बाहेरचा माणूस लागावा? आमच्यातून उत्तर आलं ते उशिरा. 1981 मध्ये अरविंद निर्मळ या मराठी ईश्वरशास्त्रज्ञाने बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्र ईश्वरशास्त्राची मांडणी केली, आणि दलित ईश्वरशास्त्राची वाट तिथून फुटली. दरम्यान कायद्याने आपला निकाल दिलाच होता. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. गावाच्या लेखी जात गेली नाही, कागदावर मात्र ती गेली. त्याच अंगाविषयी दोन दप्तरांत दोन नोंदी.

आशा या शब्दाचीही एक अडचण आहे, ती सांगायला हवी. आमच्याकडे विश्वास, आशा आणि प्रीती ही तीन रत्नं, मधलं आशा. आणि संतांच्या मराठीत आशा म्हणजे टाकायची वस्तू. आशा-तृष्णा अशी जोडगोळीच असते, आशेचा पाश असतो, तो तोडला की माणूस सुटतो. त्यात आमच्या गावाचं नाव वैराग! वैराग्याशी त्या नावाचं खरंच काही नातं आहे का, ते जाणकारांनी ठरवावं. पण वैरागात राहून आशेचं गुणगान करणं म्हणजे उपासाच्या दिवशी भज्यांचा घाणा काढण्यासारखं आहे. तरी संतांशी माझं भांडण नाही. ते जिला टाका म्हणतात ती माझी आशा: मला मिळावं, माझं व्हावं, मुलाला नोकरी लागावी. हल्ली मंडप घालून जी आशा वाटली जाते ती हीच आहे. तेल लावा, गुडघा बरा. दशांश द्या, गाडी दारात. ही आशा तुकोबांनी झोडपली आणि येशूनेही चुचकारली नाही.

गेल्या वीस वर्षांत मात्र या शब्दाला खेड्यात तिसराच अर्थ आला आहे. 'आशा आली का?' म्हटलं की कुणी परलोकाचा विचार करत नाही. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर, गरोदर बायांची यादी घेऊन उन्हातून घरोघर फिरणारी आशाताई डोळ्यांपुढे येते. सरकारी पदाच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं, पण ख्रिस्ती आशेची इतकी चांगली व्याख्या मी कोणत्या ग्रंथात वाचलेली नाही. मानधन अपुरं, पायपीट फार, आणि समोरच्याचं अंग बरं राहावं एवढा एकच हेतू.

आशेवरच लिहिणारे जर्मन ईश्वरशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान 2024 मध्ये वारले. 1943 च्या जुलैत हॅम्बुर्गवर बॉम्ब पडले तेव्हा ते विमानविरोधी तोफेवर होते, वय सतरा. शेजारी उभा असलेला वर्गमित्र गेला, ते वाचले. देव कुठे आहे, आणि मी का जिवंत आहे, हे दोन प्रश्न घेऊन ते ब्रिटिशांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेले आणि तिथे बायबल वाचू लागले. 1964 मध्ये त्यांचं आशेच्या ईश्वरशास्त्रावरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ख्रिस्ती आशा माणसाला शांत करत नाही, अस्वस्थ करते. जे उठवलं जाणार आहे त्याची आजची दुर्दशा तिला सहन होत नाही. मला हे पटतं, पण एक शंका राहते. अस्वस्थ माणसं आमच्या मंडळीत कमी नाहीत. मालमत्तेच्या खटल्यांवरून, पंचांच्या निवडणुकीवरून रात्रीची झोप नसलेले पुष्कळ आहेत. तीही अस्वस्थताच.

हवामानाचंही एक सांगतो, कारण पाश्चात्त्य पुस्तकांतून ते निसटतं. युरोपात ईस्टर वसंतात येतो. बर्फ वितळलेलं, फुलं वर आलेली. निसर्गच प्रवचन देतो. अंडी आणि ससे त्याच ऋतूचे, ते आमच्या भागात बेकरीवाल्यांपलीकडे फारसे पोचले नाहीत. आमच्याकडे ईस्टर म्हणजे 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. बहुधा चैत्र पौर्णिमेच्या आसपास, हनुमान जयंतीच्या शेजारी. 2026 मध्ये तर 2 एप्रिलला हनुमान जयंती, 3 ला उत्तम शुक्रवार आणि 5 ला ईस्टर. लिंबाला पालवी असते, हे खरं. पण ज्वारी निघालेली, कडब्याच्या गंजी लागलेल्या, काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा, आणि पारा चाळिशीला टेकलेला. निसर्गाची साक्ष काढायला जावं तर तो विरुद्ध बाजूने साक्ष देईल. सोलापूरचा ईस्टर यामुळेच मला जास्त प्रामाणिक वाटतो. इथे आशेला ऋतूचा टेकू नाही.

तरी प्रवचनात दाण्याचा दाखला येतोच. येशूने गव्हाच्या दाण्याचं उदाहरण दिलं, पौलाने पेरणीचं. आमच्याकडे गव्हाची ज्वारी होते, एवढंच. मालदांडी 35-1 हे वाण जवळच्या मोहोळच्या केंद्रावर 1930 च्या दशकात निवडलेलं, तेव्हा अभिमानाचाही प्रश्न आहे. एका ईस्टरला पाळकसाहेब रंगात येऊन सांगत होते, दाणा मातीत मरतो आणि मग उगवतो. उपासना झाल्यावर एक म्हातारे शेतकरी त्यांच्यापाशी आले. "पाळकसाहेब, मेलेलं बी उगवत न्हाई. जित्तं असतं म्हणून तर उगवतं. मेलेलं म्हणजे किडकं, त्ये टोकरल्यालं." पाळकसाहेब हसले, आम्हीही हसलो. पण त्या म्हाताऱ्याने ईश्वरशास्त्राची एक चूक धरली होती. दाणा उगवतो ते त्याच्या आत जीव असतो म्हणून. ते सॉक्रेटिसचं उदाहरण झालं. येशू उठला तो आत काही शिल्लक होतं म्हणून नव्हे. किडकं, टोकरलेलं, पाखडून बाजूला टाकलेलं बी उगवावं, तसं ते आहे. असं कधी होत नाही. तेच झालं, असं आम्ही म्हणतो. पौलाने तो दाखला घेतला तो पेरलेलं आणि उगवलेलं यांतलं अंतर दाखवायला. आमच्याकडे तो मरणाची धार बोथट करायला वापरतात.

एक निरीक्षण आहे, चूक असेल तर सांगा. उत्तम शुक्रवारी बारा ते तीनच्या उपासनेला मंदिरात बसायला जागा नसते. ईस्टरला दुपारपर्यंत सगळं आटोपतं, बिर्याणीचा वास सुटतो. दुःख आम्हाला येतं, त्याचा सराव पिढ्यान् पिढ्यांचा आहे; येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जण वाटून घेतात आणि मन लावून बोलतात. उठण्याचं काय करायचं ते कळत नाही. आणि मधला शनिवार तर कुणाचाच नाही. त्या दिवशी उपासना नसते, बायका फरशी धुतात, पोरं मेणबत्त्यांची पाकिटं फोडतात. पण आमच्या आयुष्याचे बरेचसे दिवस त्या शनिवारचेच असतात: निकाल लागला आहे, दगड लावला आहे, आणि उद्या काय होणार हे ठाऊक नाही. आईने अखेरची दोन वर्षं अंथरुणात काढली. "उठीन मी," असं ती रोज म्हणायची. उठली नाही. तिच्या म्हणण्यातलं 'उठीन' दुखण्यातून उठण्याचं होतं की दुसरं, हे मी विचारलं नाही. तिला पुसताना, कूस बदलून देताना एवढं कळलं की हे अंग माती आहे असं मला म्हणता येणार नाही. पाठीवरच्या जखमेला मलम लावणारा हात त्या अंगाविषयी काहीतरी कबूल करत असतो.

म्हणून एक विनंती, आमच्या मंडळ्यांच्या पाळकांना. येत्या ईस्टरला दाण्याचा दाखला राहू द्या. पहाटे कबरस्तानात जालच. तिथे मेणबत्त्या लावून झाल्यावर मतांगीकार म्हणाल तेव्हा 'शरीराचे' या शब्दाशी जरा थांबा. आम्ही सगळे मागून म्हणणारे आहोत, तुम्ही थांबलात तर आम्हीही थांबू.